न पुसलेलं पातं

माझ्या थोरल्या जाऊबाईंना स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. लवंगेच्या बागेतून नुसत्या चालत गेल्या तरी कमरेचा कोयता हातात यायचाच. वाळकी फांदी दिसली की छाटली, चालल्या पुढे. दीर गेल्यावर सगळी बाग त्यांनी एकटीने जगवली. मी चिडवायचे, "अहो ताई, झाडांचे केस तरी वाढू द्या की!"

"तू गप गं. मेलेलं लाकूड झाडावर ठेवतात का?"

मग विहिरीकडच्या झाडाचे शेंडे सुकायला लागले. शेंड्यापासून खाली, एकेक फांदी करत. जाऊबाईंनी सुकलेलं तेवढं छाटलं आणि तशाच शेजारच्या झाडाला भिडल्या. महिन्याभरात तेही सुकलं. मग त्या आणखी छाटत सुटल्या. जेवणावरची वासना उडाली होती बाईची, पण हात काही थांबेना.

शेवटी मीच भांडून रोपवाटिकावाल्याला घेऊन आले. त्याने एक फांदी चिरली. सालीखाली तपकिरी पट्टा उतरत गेला होता.

"बुरशी आहे. जखमेतून आत शिरते. सुकलेल्या भागाच्या बरंच खाली, निरोगी लाकडात कापा. कापल्या जागी लगेच बोर्डो पेस्ट लावा, फांद्या जाळून टाका. आणि दर झाडाला पातं स्पिरिटने पुसायचं हं. नाहीतर आपणच रोग पुढे नेतो."

तो आपला सहज बोलून गेला. जाऊबाईंचा चेहरा पार उतरला.

तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "खरं सांग. मीच मारली ना गं?"

माझ्या जिभेला अख्खं घर टरकून असतं. पण तेव्हा मी आपली ती चिरलेली फांदी उचलून चुलीकडे निघाले. त्या काय समजायचं ते समजल्या.

वाया गेलेली झाडं त्यांनी स्वतः उभं राहून तोडून घेतली, जाळली. उरलेल्यांच्या फांद्या माझ्याकडून कापून घेतल्या. कुंपणाकडची रांग तेवढी वाचली. पुढच्या हंगामात तिला कळ्या आल्या, तशी मी धावत घरी गेले आणि त्यांना ओढतच घेऊन आले.

"ताई, बघा तरी! केवढ्या धरल्यात! चला, पहिली तुम्ही खुडा."

त्या कुंपणापाशीच थबकल्या.

"तूच खुड."

"अहो, रोग काय हाताला असतो? वेड्या आहात का?"

"नको गं बाई," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या.