समोरच्या खोलीसाठी टोस्ट

अकोल्याच्या आमच्या घरात समोरची खोली एकच आणि तिच्यावर हक्क सांगणारे तिघं. सासूबाईंचं दर गुरुवारचं भजनी मंडळ, नवऱ्याचा टीव्ही आणि मी. मी घरात सगळ्यात शेवटी आलेली, त्यामुळे माझा नंबरही शेवटचा.

मला त्या खोलीत स्वयंपाकाचे क्लास काढायचे होते. नवरा कापसातली सरकी काढणाऱ्या ज्या जिनिंगमध्ये कामाला होता ती बंद पडली होती. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, आणि कापसावर जगणाऱ्या कुणाचंच. नवरा दिवसभर टीव्हीसमोर बसून रिमोटची बटणं झिजवायचा. त्याचं ते बसणं मला बघवत नसे आणि खरं सांगायचं तर रागही येई. माझ्या हाताला चव आहे हे वलगावच्या माहेरापासून सगळे सांगत आलेले. मग एकाने तरी हात हलवायला नकोत का?

मी विषय काढला तेव्हा सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शिकवशीन काय? वरण-भात? तो तं सगळ्यायलेच येते."

"नवीन पदार्थ, आई. इटालियन."

"मंग असं कर. येत्या गुरुवारी भजनाच्या बायायले खाऊ घाल. ताटल्या रिकाम्या आल्या तं खोली तुयी. नाई आल्या तं पुन्हा इषय काढाचा नाई."

सासूबाई एकदा बोलल्या की ते ब्रह्मदेवालाही फिरवता यायचं नाही. मी हो म्हणून बसले.

पदार्थ आधीच ठरलेला होता. त्या हिवाळ्यात वलगावला टमाटे उदंड झाले होते आणि ते बाजारात नेण्यात काही राम उरला नव्हता. वडील एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करून पेटीमागून पेटी पाठवायचे. सार झालं, चटणी झाली, टमाट्याची भाजी तर नवऱ्याच्या स्वप्नात यायला लागली. अशात एका मासिकात मला ब्रुशेटा सापडला. खरपूस भाजलेल्या पावाच्या चकत्या, त्यांच्यावर घासलेला लसूण, वर बारीक चिरलेला टमाटा, ऑलिव्हचं तेल आणि बेसिलची पानं. फोटो बघूनच माझा क्लास भरलेला मला दिसला.

ऑलिव्हचं तेल अकोल्यात किराण्याच्या दुकानात नाही, मेडिकलमध्ये मिळायचं. एवढीशी बाटली, तान्ह्या बाळाच्या मालिशसाठी. मेडिकलवाल्याने बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "किती महिन्याचं झालं?" मी म्हटलं, "खायला पाहिजे." त्याने बाटली परत काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला ती जवळजवळ हिसकावून आणावी लागली. मी घरी पोचायच्या आत मला दिवस गेल्याची बातमी पोचली होती. सासूबाईंनी मला अंथरूण उचलू दिलं नाही. खरं काय ते सांगितल्यावर मात्र तेच अंथरूण झटकून उन्हात घालायला लावलं.

पावासाठी घरामागच्या बेकरीतल्या चाचांकडे गेले. ते चौकोनी ब्रेड आणि पाव करायचे. मला लांबट, जाड सालीचा पाव हवा होता. मासिकातला फोटो दाखवला तर चाचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बना देंगे. लेकिन इतना सख्त? बेटी, मेहमान को खिलाना है या भगाना है?"

मला ते लागलं. इटलीचं चाचांना काय कळतं, असं मनात म्हणाले. चाची तेवढ्यात बाहेर आल्या. बेसिल म्हणजे आपल्या सब्जाचीच जात हे मी वाचलं होतं आणि त्यांच्या दारात सब्जाचं झाड होतं. पानं मागितली तर त्या गोंधळल्या. "ये तो हम मजार पे चढाते. तुम खिलाओगे?" तरी मूठभर पानं त्यांनी खुडून दिली आणि कुणी काही बोललं तर माझं नाव सांगू नको म्हणाल्या.

गुरुवार आला. भजनाच्या दिवशी लसूण त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे, पण आरती झाली की प्रसादानंतर जे खायचं ते खावं, एवढी मुभा सासूबाईंनी मोठ्या मनाने दिली. मासिकात लिहिलं होतं की पाव कडक भाजा, म्हणजे टमाट्याच्या पाण्याने तो लिबलिबीत होणार नाही. आपल्याकडून कमी नको म्हणून मी दोनदा भाजला. हातात धरून टोस्ट ताटावर आपटला तर टण्ण वाजला. मला फार समाधान वाटलं.

एक गोष्ट मी साफ विसरले. भजनी मंडळातल्या बाराही बाया साठीच्या पुढच्या होत्या. निम्म्यांना कवळी आणि उरलेल्यांना तीही नाही.

आरती झाली. टाळ पिशवीत गेले. मी ताटल्या मांडल्या आणि दाराआड उभी राहिले. त्या मंडळात ताटलीत टाकायची पद्धत नव्हती, वाढलेलं संपवलंच पाहिजे. त्यामुळे कुणी नको म्हणेना आणि कुणाला चावताही येईना. एक आजी टोस्ट नुसता गालात धरून बसल्या. दुसरीने वरचा टमाटा बोटाने खाऊन घेतला आणि पाव पदराने पुसून पुन्हा जागेवर ठेवला. पेटी वाजवणाऱ्या आजींनी मात्र वेळ घालवला नाही. टोस्ट ताटलीत घेतला, तांब्याच्या बुडाने ठेचला, चांगला कुस्करा केला आणि मला हाक मारली.

"पोरी, जवसाचं तेल हाये का? आन् ठेचा?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मेडिकलमधून भांडून आणलेल्या ऑलिव्हवर जवसाचं तेल! तरी आणून दिलं. त्यांनी हिरव्या मिरचीचा ठेचा कालवला, कच्चं तेल सोडलं आणि मिटक्या मारत खाल्लं. शेजारच्या तिघीचौघींनी तांब्या मागून घेतला. समोरच्या खोलीतून ठक ठक आवाज यायला लागला तशी मी स्वयंपाकघरात पळाले आणि विनाकारण नवऱ्यावर ओरडले. तो बिचारा तिथे ताटलीभर टोस्ट मुकाट्याने चघळत होता.

खोली गेली, हे मी मनाशी धरून चालले होते. सासूबाईंचे गुडघे असे की एकदा बसल्या की कुणी हात दिल्याशिवाय उठत नसत. ताटल्या उचलणं नेहमी माझं काम. त्या दिवशी मात्र त्या स्वतः उठल्या. मला वाटलं, तपासणी चाललीय. बाया गेल्यावर ताटल्यांची चळत घेऊन त्या माझ्यापुढे आल्या.

"पाह्य."

बाराच्या बारा ताटल्या रिकाम्या. एक तुकडासुद्धा नाही.

"खोली तुयी," म्हणाल्या आणि पाय चेपत बसल्या.

मी त्या संध्याकाळी कुणाला म्हणून सोडलं नाही. वडिलांना फोन केला. चाचांना मुद्दाम जाऊन सांगितलं. नवऱ्याला तर तीनदा ऐकवलं की खाणारा जाणकार असला की असं होतं. सकाळी उठून त्याने आपणहून टीव्ही आतल्या खोलीत नेला आणि माझ्यासाठी टेबल पुसायला घेतलं. मला एकदम बरं वाटलं.

मी झाडू घेऊन समोरच्या खोलीत शिरले. खुंटीवर टाळांची पिशवी होती. अंघोळ केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा घरातला नियम. पण जाळं काढायला ती बाजूला करावी लागली. नेहमीसारखी ती किणकिणली नाही. आतून खडखड आवाज आला.

उघडून बघितलं. टाळांवर सासूबाईंचा रुमाल आणि रुमालात सात टोस्ट. दोनतीन न उष्टावलेले, बाकीच्यांना कडेला हिरड्यांचे वळ. टमाट्याचं पाणी टाळांवर ओघळून सुकलेलं, आणि पिशवीभर लसणाचा घमघमाट.

सासूबाई न्हाऊन आल्या होत्या. दारातच थांबल्या. मला रडूही आलं आणि हसूही, आणि आदल्या दिवशीची माझी बढाई आठवून भयंकर लाजही वाटली.

"आंघोळ केली का तू?"

"नाही."

"मंग काहून हात लावला?"

त्या आत आल्या, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि एकदा वास घेऊन बघितला.

"काल लसणानंच बाटली ते. आता तुया हातानं काय बाटनार हाये. चिंच आन, घासून टाकू."

मागच्या नळावर आम्ही दोघी बसलो. मी टाळ चिंचेने घासत होते, त्या पाणी ओतत होत्या. मग त्यांनी विचारलं, "पह्यला क्लास कदी?"

"सोमवारी."

"मीबी येतो शिकाले," त्या म्हणाल्या. "फकत मले दातं नाईत, ध्यानात ठेवजो."