बाबांच्या पाणमांजरांच्या मागावर: शिवडी, हिंदमाता, माहीम

११ जानेवारी, रविवार. सकाळी शिवडी, दुपारी हिंदमाता, मग शीव, संध्याकाळी माहीम. पाणमांजर दिसलं नाही. पाय दुखतायत.

बाबा डिसेंबरच्या शेवटी गेले. घरी बसवत नाही म्हणून फिरायला चालले, असं मी शेजारी सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. आमच्या बौद्ध घरांमध्ये पुण्यानुमोदनाला वंदना आणि जलदान विधी झाला की जवळची माणसं एकेक करून उभी राहतात आणि गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलतात. बाबांचं पुण्यानुमोदन पुढच्या रविवारी होतं. धाकट्या काकांचा फोन आला की ते पाणमांजराचा किस्सा सांगणार आहेत.

किस्सा असा. गिरणी बंद पडल्यावर बाबा शिवडीला एका गोदामावर वॉचमन होते. तिथल्या धक्क्याजवळ आपण पाणमांजरं बघितली, असं ते सांगायचे. तेवढं लोकांनी ऐकून घेतलं. पण एका पावसाळ्यात हिंदमाताला भर रस्त्यात कमरेएवढं पाणी भरलं होतं आणि त्या पाण्यातही एक पोहताना दिसलं, असं ते म्हणाले. तेव्हापासून नात्यात त्यांचं नावच पाणमांजर पडलं. लग्नाच्या पंगतीत ते आले की कुणीतरी म्हणायचंच, पाणमांजर आलं, मच्छी झाका. बाबा हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. पुन्हा तेच सांगायचे.

मी काकांना नको म्हटलं. ते म्हणाले, "अगं, रडायचं तरी किती? माणसं जरा हसतील. आणि खरं असेल ना, तर तू उभी राहा आणि सांग."

म्हणून निघाले.

लालबागहून शिवडी स्टेशनपर्यंत बस मिळते, किमान भाड्यात काम होतं. पुढे धक्क्यापर्यंत चालत जावं. रस्ता ट्रकांचा आहे, धूळ खूप, फुटपाथ नावापुरता. पाणी सोबत घ्या, धक्क्यावर काही मिळत नाही. मी पोहोचले तेव्हा ओहोटी होती आणि समोर नुसता चिखल. लांबवर फ्लेमिंगो उभे होते आणि मोठमोठ्या लेन्स लावलेले लोक त्यांचे फोटो काढत होते. मी एकटीच उलट्या बाजूला, जुन्या होड्यांकडे बघत होते.

एका होडीच्या सावलीत एक म्हातारे कोळी जाळं शिवत बसले होते. त्यांना विचारलं. मला वाटलं हसतील, पण ते वैतागले. त्यांच्या जाळ्याला भोकं पाडून मासे नेल्याची तक्रार त्यांनी बराच वेळ ऐकवली, जणू ती जनावरं मीच पाळली होती.

"म्हणजे इथे असतात?" मी विचारलं.

"असतात असं कसं सांगू? येतात. पत्ता विचारशील तर त्यांना पत्ता नाय."

पुढचं त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. ती एका जागी राहत नाहीत. भरतीचं पाणी आत शिरलं की माशांच्या मागे तीही आत येतात, खाडीच्या फाट्यांत, कधी नाल्यातसुद्धा. खाऊन झालं की पुढे. एका दिवसात कुठल्या कुठे जातात. मग कित्येक महिने दिसत नाहीत, आणि लोक म्हणतात संपली. शेवटची कधी बघितली, यावर त्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

भरतीला वेळ होता. थांबायला हवं होतं, पण मला थांबवेना. उठले आणि परळवरून चालत हिंदमाताला आले. वाटेत उभ्यानेच वडापाव खाल्ला. हिंदमाताला साड्यांच्या दुकानांसमोर, जिथे पाणी भरतं तिथे, नुसती उभी राहिले. एका दुकानदाराने कॉटन दाखवू का विचारलं. मी त्याला पाणमांजराचं विचारलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "ताई, घूस असेल. आमच्या घुशी बघाल तर मांजर सोडा, वाघ म्हणाल."

तिथून बसने शीव. खाडीच्या बाजूला कुठून जायचं ते कुणी धड सांगेना, आणि जिथे पोहोचले तिथे वास सहन होईना. मग माहीम. तिथे किनाऱ्यावर मुलं क्रिकेट खेळत होती. सूर्य बुडेपर्यंत पाण्याकडे बघितलं. प्रत्येक तरंगणारी बाटली डोकं वाटत होती.

बुधवारी ऑफिसला उशिरा येते असं कळवलं आणि पुन्हा शिवडीला गेले. या वेळी आधी भरतीची वेळ बघितली. तुम्ही जाल तर एवढं नक्की करा. फ्लेमिंगोंच्या वेबसाइटवर जे लिहिलंय त्यावर जाऊ नका. पाणमांजरांसाठी पाणी चढत असताना जायचं आणि पक्ष्यांकडे पाठ करायची. जाळं शिवणारे मामा त्या दिवशी नव्हते.

पाणी होड्यांच्या तळाला लागलं तेव्हा गोदामाच्या भिंतीकडून एक रेघ आली. पाण्यावरची रेघ, पुढे चपटं डोकं. मागे दुसरं, त्याच्या मागे तिसरं. बाटल्या अशा प्रवाहाच्या उलट जात नाहीत. पहिल्याने बुडी मारली आणि वर आलं तेव्हा त्याच्या पुढच्या दोन्ही पायांत मासा होता. तो त्याने डोक्याकडून खायला सुरुवात केली. कचकच आवाज मला ऐकू आला. मागच्या दोघांपैकी एकाने शीळ घातल्यासारखा आवाज केला. मग तिन्ही होडीमागे गेली.

जवळच लेन्सवाले एक गृहस्थ होते. त्यांना म्हटलं, तिकडे बघा, पाणमांजरं. त्यांनी कॅमेरा वळवेपर्यंत पाणी रिकामं होतं. कुत्रा असेल, पोहतात इथे, असं म्हणून ते पुन्हा फ्लेमिंगोंकडे वळले. माझा फोन पर्समध्येच होता. मी अर्धा तास होड्यांच्या दुसऱ्या बाजूने, चिखलाच्या कडेने फिरत राहिले. परत आली नाहीत.

रविवारी हॉल भरला होता. काकांनी किस्सा सांगितला, आणि खरं तर छान सांगितला. हिंदमाताच्या पाण्यात बाबा छत्री धरून उभे आणि समोरून पाणमांजर येतंय, असा अभिनयच केला. लोक हसले. बाबांच्या फोटोला हार होता.

मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी उभी राहिले.

"शिवडीची खरी होती," मी म्हटलं. "मी बघितली, बुधवारी. तीन होती. हिंदमाताचं मला माहीत नाही."

काका म्हणाले, "फोटो काढलास?"

"नाही."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, घ्या, आता पोरगीही. पुन्हा हसू आलं, आधीच्यापेक्षा जरा मोठं. मी बसले नाही. मासा डोक्याकडून खातात, ओळीने पोहतात, एका जागी राहत नाहीत, हे सगळं सांगून मगच बसले. जेवताना काका पान घेऊन माझ्या शेजारी आले. भात कालवला. मग हळूच विचारलं की भरती किती वाजता असते.

जायचं असेल तर थंडीत जा, जुने बूट घाला, आणि दिसतीलच असं धरून जाऊ नका. हिंदमाताचं मला अजून ठरवता येत नाही. शिवडीहून आत येणारा नाला कुठून कुठे जातो, ते शोधत राहते. ट्रॅफिकमध्ये बस थांबली की गटारांच्या जाळ्यांकडे बघते.

पुण्यानुमोदनाच्या रात्री घरी आल्यावर वाटीभर तांदूळ धुतले, कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहिले.