कूलर मशीनकडे

नाना कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर तळहात ठेवायचे, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "ताप शे थोडा." की आमचं काम बंद. धरणगावातला आमचा स्टुडिओ म्हणजे पत्र्याखालची एक खोली, एक मशीन, एक कूलर, नाना आणि मी. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग आम्ही करून द्यायचो. लग्नं सगळी भर उन्हाळ्यात. नाना माझे नात्याने कोणी नव्हते, पण मला 'माय' म्हणायचे.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फार पूर्वी एकदा त्यांचं मशीन मध्येच बंद पडलं आणि एका मुलीचं सगळं लग्न पुसलं गेलं. तिचे वडील भांडले नाहीत, नुसते येऊन बाकड्यावर बसून राहिले. तेव्हापासून जोडलेला पूर्ण व्हिडिओ तयार व्हायला लागला, म्हणजे रेंडर सुरू झालं, की नाना जागचे हलायचे नाहीत. "मी उठनू का बठ्ठं जाई," म्हणायचे, म्हणजे ते उठले की सगळंच जाणार. मी हसायचे, पण ते पाणी प्यायलाही उठायचे नाहीत.

मग पार्ट्यांना, म्हणजे लग्नघरच्या गिऱ्हाइकांना, सगळं चौपट स्पष्ट, फोर-केमध्ये हवं झालं, तेही हळद निघायच्या आत. जुनं मशीन रडायला लागलं. आम्ही जळगावला नवा प्रोसेसर घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली. "हा सगळ्यात भारी. पण तापतो फार, एसीची खोली पाहिजे. हा दुसरा गार राहतो, वेळ मात्र दुप्पट घेतो." मी नानांची बाही ओढली. "नाना, दुसरा घ्या. आपल्या डोक्यावर पत्रे आहेत."

नाना दोन्ही खोकी उलटसुलट करत राहिले. "मधेच बंद तं पडाव नही ना?"

"गार ठेवलं तर नाही पडणार," दुकानदार म्हणाला.

त्यांनी भारी प्रोसेसर घेतला. परतताना बसमध्ये म्हणाले, "जितला येळ कमी, तितली भीती कमी." हिशोब चुकीचा नव्हता.

त्या दिवसापासून कूलरचं तोंड मशीनकडे फिरलं. ओल्या हवेने मशीनच्या आत पाणी धरेल असं मी म्हटलं, तर त्यांनी तो हातभर मागे घेतला, एवढंच. स्वतः पलीकडे खुर्चीत घामाने निथळत बसायचे. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. मला रोज धास्ती वाटायची. मी कूलरला हात घातला की वस्सकन अंगावर यायचे, "माणूस तापना तं पानी पी लेस. याले कोन पाजी?"

पहूरच्या एका लग्नाचं रिसेप्शन भुसावळला होतं आणि संध्याकाळी व्हिडिओ पडद्यावर दाखवायचा होता. दुपारी रेंडर लावलं. पत्रे तडतडत होते. थोड्या वेळाने पाहिलं तर नानांचा घाम थांबला होता. मला आधी बरंच वाटलं. मग ते मला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. मी त्यांच्या कपाळावर तळहात ठेवला, तो चटका बसल्यासारखा मागे आला. मी कूलर त्यांच्याकडे फिरवला. त्या अवस्थेतही त्यांनी माझं मनगट धरलं. "तिकडे फिरव माय, मरी जाई ते!"

मी फिरवला नाही. ओरडून शेजारचे गोळा केले, रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. "ऊन लागलंय," डॉक्टर म्हणाले. नानांना दाखल करून घेतलं आणि शेजारचे तिथे थांबले.

संध्याकाळी पार्टीचा माणूस आला म्हणून मी स्टुडिओ उघडला. रिकाम्या खुर्चीवर कूलर वारा घालत होता. रेंडर पूर्ण झालं होतं. त्या वाऱ्यावाचून मशीनचं काहीही अडलं नव्हतं.

नाना दुसऱ्या दिवशी गेले.

यंदा लगीनसराईच्या आधी तो भारी प्रोसेसर बदलायला मी पुन्हा जळगावच्या त्याच दुकानात गेले. दुकानदाराने पुन्हा दोन खोकी मांडली. मी गार राहणाऱ्यावर बोट ठेवलं.

"ताई, हा हळू चालतो. भारी घ्या, फक्त कूलर लावून ठेवायचा."

"हळू चालू दे," मी म्हटलं. "आमच्याकडे कूलर एकच आहे."