कूलरमागचं दार

आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणतात. दिल्लीत हे सांगितलं की लोक गोंधळतात, पण आईच्या तोंडी दुसरा शब्द नाही. गुडघ्यांनी साथ सोडली आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. आमच्या देवळापुढे चांगल्या उंच दगडी पायऱ्या आहेत. मंडळीतल्या तरुणांनी तिला काही वेळा खुर्चीसकट उचलून नेलं. एकदा खुर्ची कलली. पडली नाही, पण घरी आल्यावर आईने जाहीर केलं, "मी काही वरातीतली नवरी नाही. यापुढे घरीच प्रार्थना करीन." मग दर रविवारी मी मयूर विहारहून एकटीच निघायची आणि ती गॅलरीतून हात करायची. मला ते बघवत नसे.

इमारत मुळात हिंदी मंडळीची. आम्ही मूठभर मराठी लोक तिथे रविवारी दुपारी उपासना करतो. या हिवाळ्यात दोन्ही मंडळींनी मिळून ठरवलं, की एवढी मोठी वास्तू आठवडाभर कुलपात ठेवायची नाही, आणि कामं आपल्याच हातांनी करायची. मी लगेच म्हटलं, आधी पायऱ्यांशेजारी उतार बांधा. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, समजावलं, की जुन्या दगडाला हात लावायला परवानगी लागते आणि ती नाताळच्या आत मिळणार नाही. त्यापेक्षा माळा रिकामा करू, मुनिरकात एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथे अभ्यासिका होईल. चांगलंच होतं ते. तरी माझं डोकं फिरलं. दारात पायऱ्या, माळ्याला जिना, म्हणजे ज्यांचे पाय धड त्यांचीच सगळी सोय. हे मी बोलून दाखवलं. तेव्हा मला शांत करायला म्हणून व्हॉट्सॲपवर निरोप धाडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी फणकाऱ्यातच इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलं, 'शनिवार को माळा का काम है, सब आइए.' सगळा जन्म दिल्लीत काढलेल्या बाईला सुचू नये, की इंग्रजी अक्षरांत 'ळ'चा 'ल' होतो, आणि हिंदीत पोटमाळ्याला कुणी माळा म्हणत नाही.

शनिवारी मराठी मंडळी झाडू आणि फडकी घेऊन आली. हिंदी मंडळीतल्या बायका झेंडूच्या माळा घेऊन आल्या. पिशव्याच्या पिशव्या. नाताळची सजावट करायची आहे असं समजून त्या पहाटे उठून फूलबाजारात गेल्या होत्या. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मी मात्र कानापर्यंत लाल. आता आणल्याच आहेत तर एकूण एक दाराला तोरण बांधा, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

त्यांच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत. एकूण एक म्हणजे एकूण एक, असा त्यांचा खाक्या. पुढचं दार झालं, पाळकांच्या खोलीचं झालं, मग त्या इमारतीला वळसा घालून मागे गेल्या आणि तिथून त्यांनी मला हाक मारली.

"इसपे भी बाँधें?"

मागच्या भिंतीला मोडके कूलर रचून ठेवले होते, छातीएवढे उंच. त्यांच्यामागे एक दार. ते आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते उघडायचं असतं हेच आम्ही विसरलो होतो. आतून त्याला गाण्यांच्या पुस्तकांचं कपाट लावलेलं. मदतीला आलेले विद्यार्थी कूलर ओढायला लागले. गंजका पत्रा, वाळलेलं गवत, कबुतरांची पिसं, सगळं बाहेर आलं. मग मी खाली बघितलं. मागची जमीन चढाची आहे. उंबरा अगदी अंगणाला टेकलेला. एकही पायरी नाही. मी तिथेच एका कूलरवर बसले आणि सगळ्यांदेखत रडले.

त्या दिवशी माळ्यावर कुणी गेलंच नाही. कपाट हललं, कुलपात तेल गेलं, बिजागऱ्या कुरकुरत का होईना फिरल्या.

दुसऱ्या दिवशी आई झेंडूच्या तोरणाखालून आत आली. मी मागून ढकलत होते, तिने मला हात काढायला लावला आणि चाकं स्वतः फिरवली. गाणी ती खड्या आवाजात म्हणाली, पण मधूनमधून मागे वळून दाराकडे बघत होती. मला वाटलं, वारं लागतंय. उपासना संपल्यावर तिने त्या शिक्षिकाबाईंना गाठलं. त्या सकाळच्या हिंदी उपासनेनंतर मुद्दाम दुपारपर्यंत थांबल्या होत्या.

"ये दरवाजा," आईने विचारलं, "नाताळके बाद भी खुलेगा ना?"

बाईंनी कालपासून आपल्याकडेच ठेवलेली कुलपाची किल्ली काढून आईच्या हातात ठेवली. "आंटीजी, चाबी आप रखिए. आप आएँगी, तो खुलेगा."

आईने ती पदराला गाठ मारून बांधली.

माळाही पुढे रिकामा झाला. आता संध्याकाळी तिथे दिवे असतात आणि पोरं अभ्यास करतात. मागच्या दाराने आणखी दोन आजोबा येऊ लागलेत, एक काठी टेकत आणि एक वॉकर घेऊन. आणि रविवारी आवरायला मला जरासा उशीर झाला, की आई गॅलरीत नाही, लिफ्टच्या दारात खुर्ची लावून बसलेली असते.

"चल लवकर," पदराला बांधलेली किल्ली चाचपत म्हणते, "लोक बाहेर थांबलेत."