डायलवरचे डाग

नवरा गेल्यापासून आदिलाबादचं घड्याळदुरुस्तीचं दुकान मीच चालवते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण चाळीस वर्षं त्याच्या शेजारी बसून काम शिकले.

परवा नागपूरचा एक व्यापारी आला. नवऱ्याचं जुनं स्विस क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, उचलून म्हणाला, "आजी, डायलवर डाग पडलेत. भंगाराच्या भावात घेतो. घरात कोणी माणूस नाही का बोलायला?"

"मंग मी काय म्हैस हाय?"

मी वरचं बटण दाबलं, तसा लांब काटा धावला. पुन्हा दाबल्यावर थांबला. खालचं दाबताच नेमका बारावर आला. मग मागचं झाकण उघडलं. दर साफसफाईला नवरा आत सुईनं एक खूण कोरायचा, निगा राखल्याच्या त्या खुणा दाखवल्या. "हे डाग अस्सल डायलचे हायत, बापू. चकचकीत पाह्यजे असंल तं निर्मलला जाय, लाकडी खेळण्यावानी रंगवून देतीन."

त्यानं लगेच दुप्पट भाव सांगितला.

"काऊन? भंगार महाग झालं का?"

स्विस घड्याळांत हे स्वस्तातलंच आहे, हे मला ठाऊक आहे. जेवढी किंमत होते तेवढीच मी सांगितली; ती त्याच्या दुप्पट भावाहूनही जास्त होती. तो पुटपुटत निघून गेला. घड्याळ मी माझ्या मनगटावर बांधलं. पुरुषी दिसतं. दिसू दे.