भोक पाडलेली नाणी

माझी याडी, म्हणजे आई, उमरखेडकडच्या आमच्या तांड्यात नाण्यांचा हार घालायची. त्यात बहुतेक राणीछाप रुपये होते, पण मधोमध एक मोठं, जाड नाणं होतं. त्यावर भरल्या अंगाची एक बाई आणि मागे दोन तोंडांचा गरुड. ही बाई कोण, हे तांड्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. आमचे जुने लोक बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हा कुठल्यातरी बाजारात ते हाताला लागलं असेल, एवढंच याडी सांगायची.

पुढे मी घाटंजीला टायपिस्ट म्हणून नोकरीला लागले आणि नाण्यांच्या एका जाडजूड पुस्तकात ती बाई मला सापडली. ऑस्ट्रियाची राणी. तिची नाणी अरबस्तानच्या बंदरांवरून आपल्याकडे यायची. त्या दिवसापासून मला नाद लागला. सोनारांकडे मोडीत आलेले दागिने आटवण्याआधी मी पाहून यायची. तुर्की सुलतानाचं, झांझिबारचं, गोव्यातल्या पोर्तुगिजांचं, असं एकेक नाणं जमत गेलं. बाईमाणसाच्या गळ्यातून आलेली ही नाणी, त्यामुळे बहुतेकांना भोक किंवा कडी जोडल्याची खूण होतीच.

दोन वर्षांपूर्वी यवतमाळात नाण्यांचं प्रदर्शन होतं. मी रीतसर अर्ज करून जागा मिळवली होती. सकाळी ट्रे मांडत असताना संयोजक आले. मोठे संग्राहक, बोलायला मऊ. त्यांनी भिंगातून दोन-तीन नाणी पाहिली आणि म्हणाले, की भोक पडलेलं नाणं संग्रहात धरत नाहीत, असली नाणी मांडली तर प्रदर्शनाची शोभा जाते. भोकं नसलेली मांडा, बाकीची पिशवीत ठेवा.

मी म्हटलं, "भोक पडलेलं नाही सर, पाडलेलं आहे. राजानं नाणं पाडलं, भोक आमच्या बायांनी पाडलं. दोन्ही इतिहासच आहे."

ते हसले, मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. थोड्या वेळानं त्यांचा माणूस माझं टेबल उचलायला आला.

रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण घरी जायचं नाही, हे त्याच क्षणी ठरलं. हॉलच्या फाटकाबाहेर एक चहावाली होती. तिनं काही न विचारता तिचं बाकडं रिकामं करून दिलं. त्यावर मी याडीची ओढणी अंथरली आणि सगळे ट्रे मांडले. भोकाची नाणी पुढे, याडीच्या हारातली ऑस्ट्रियाची राणी सगळ्यांत पुढे. दुपारी संयोजक बाहेर आले. उन्हात बसू नका, फार तर कोपऱ्यात जागा करून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. संध्याकाळपर्यंत तिथंच बसले.

त्यानंतर आजवर मी कुठल्या हॉलसाठी अर्ज केला नाही. घाटंजीच्या आठवडी बाजारात, बांगड्यांच्या दुकानांशेजारी मांडते. ऑफिसातले हसतात. हसोत.

गेल्या हिवाळ्यात तिथं केळापूरकडचे एक म्हातारे बाबा आले. खिशातून त्यांनी एक पदक काढलं. पहिल्या महायुद्धाचं, वरची कडी तुटलेली, म्हणून कोणीतरी मधे भोक पाडून दोरा ओवलेला. त्यांच्या आज्याचं होतं. त्यांच्या बापानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव नदीत सोडले, पण हे ठेवलं. कडेवर काहीतरी लिहिलंय असं बाप म्हणायचा, घरात कोणाला वाचता आलं नाही. शहरातल्या एका जाणकारानं तर हातातही घेतलं नव्हतं, भोक पाहून परत केलं होतं.

मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "विकाले नाही आणलं बाई. फक्त वाचून सांग."

अक्षरं झिजली होती. मी पदक तिरपं धरून, भिंग लावून एकेक अक्षर जुळवलं. आधी नंबर, मग आज्याचं नाव, मग पलटणीचं. बाबा खाली बसले. म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून, माझ्या आधीच, नाव स्वतः उच्चारलं.

मग दोरा गळ्यात घातला, पदक सदऱ्याच्या आत नाही, वर ठेवलं, आणि भर बाजारातून चालत गेले.