मंगळवारचं शटर

आमच्या दुकानात एक ड्रॉवर आहे. कुठल्याच डब्यात न बसणारे स्क्रू, जोडी हरवलेली बिजागरी, किल्ली नसलेली कुलपं, सगळं त्यात. मुद्दाम कोणी काही टाकत नाही, तरी तो कायम भरलेला. किस्स्यांचंही तसंच होतं. रियाधला बत्हा बाजारात हार्डवेअरच्या दुकानात निम्मं आयुष्य काढलं, आता रूमवर चहा ठेवला की एकेक किस्सा आपोआप हाताला लागतो. फक्त माझ्या किस्स्यांत एक खोट आहे. प्रत्येकात मी घाबरलेला असतो. रमेश म्हणतो, "सावंत, तुझ्या इकाम्यावर व्यवसाय म्हणून 'घाबरणे' असंच लिहायला हवं होतं." इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना.

हा रमेश सांगलीचा, प्लंबिंगचा माल बघतो. शरीफचाचा दापोलीकडचे, दुकानातले सगळ्यांत जुने, मशिनवर किल्ल्या बनवतात. मी कणकवलीचा, काउंटर सांभाळतो. आणि आम्हा तिघांची मिळून एकच चैन होती. मंगळवारी दुपारनंतर दुकान बंद!

*

हा हाफ डे कुठल्या कायद्यातला नव्हता. आमच्या म्हाताऱ्या कफीलचे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाचे, वाळवंटात उंट होते, मंगळवारी दुपारी तो त्यांच्याकडे जायचा. आपण इथे नसताना मागे दुकान उघडं राहिलेलं त्याला चालायचं नाही. हळूहळू शेजारच्या टेलरनेही मंगळवारच धरला, मग समोरच्या पेंटवाल्याने. आमची गल्ली मंगळवारी दुपारी इतकी शांत व्हायची की पंख्यांचा आवाज यायचा.

एका मंगळवारी आम्ही शटर पाडलं, कुलूप ठोकलं आणि मेसमध्ये जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला आणि मला आठवलं, शिड्यांच्या मागे एक हैदराबादी गिऱ्हाईक उभं होतं. घास तोंडातच राहिला. माणूस आत गुदमरला, पोलीस आले, मला हातकड्या पडल्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं. धावत जाऊन शटर उचललं तर हा बाबा थर्माकोलच्या खोक्यांवर आडवा, चपला उशाशी. उजेड तोंडावर आला तसा वैतागून म्हणाला, "क्या मियाँ, थोड़ा और सोने देते तो क्या जाता था?"

*

मंगळवारी शटर पाडायचा मान चाचांचा. त्यांची एक खोड होती. आधी गावी चाचीला फोन लावायचे, मग एका हाताने फोन शटरजवळ धरून दुसऱ्या हाताने ते खाली ओढायचे. सगळी गल्ली दणाणायची. मला वाटायचं, या वयात काय ही हौस.

एकदा विचारलंच. चाचा हसले. "अरे, आमचा लगीन नवा होता तवाची गोष्ट. मी दुकानातना फोन करायचा आन मध्येच गिऱ्हाईकाशी बोलायचा. हमीदा भडकली. म्हणाली, आधी दुकान बंद करा, मंग माझ्याशी बोला. मला आवाज ऐकू आला पायजे."

तेव्हापासून मंगळवारी आवाज ऐकल्याशिवाय चाची एक शब्द बोलायची नाही. शटर आदळलं की पलीकडून ठरलेला प्रश्न यायचा, "दुकान बंद झाला काय?" चाचा म्हणायचे, "झाला. आता मोकला." मग चाचा पाय वर घेऊन बसायचे, मोबाईल तासभर कानाला चिकटलेला. आम्हाला कळायचं, आता यांना हाक मारण्यात अर्थ नाही.

*

मग गल्लीच्या तोंडाशी मोबाईल कव्हरचं दुकान आलं आणि ते मंगळवारीही उघडंच. त्याच्या पुढच्या मंगळवारी टेलरने शटर पूर्ण पाडलं नाही, गुडघ्याएवढं वर ठेवलं. ते बघून पेंटवाल्यानेही ठेवलं. मला धडकी भरली, आपलीच गिऱ्हाइकं पळणार. चाचांनी पाडलेलं आमचं शटर मीही तेवढंच वर उचललं.

आता सगळी गल्ली आतून वाकून वाकून बाहेरचे पाय बघत बसलेली. कोणाच्या चपला कोणाच्या दुकानाकडे वळतात, एवढंच काम. झोप नाही आणि धंदाही नाही. शेवटी एक गिऱ्हाईक जमिनीला गाल टेकवून आत बघत म्हणालं, "भाई, खुला है क्या?"

रमेश आतून ओरडला, "आधा!"

*

म्हातारा थकला आणि दुकान त्याच्या मुलाकडे आलं. नासेर, शिकलेला, गोड बोलणारा. आवाज कधी चढवला नाही त्याने. त्याने फक्त कॅमेरा लावला. तो कॅमेरा नुसता बघत नाही, ऐकतो आणि बोलतोही, हे मात्र आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी खुर्चीत जरा मागे रेललो होतो. छतातून नासेरचा आवाज आला, "सावंत, नो स्लीप." मी ताडकन उठून कॅमेऱ्यापुढे असा उभा राहिलो की समोरच्या गिऱ्हाइकानेही घाबरून हातातला नळ खाली ठेवला. त्यानंतर किती तरी दिवस मी रूमवर झोपतानाही आधी छताकडे बघायचो. रमेश आल्या आल्या कॅमेऱ्याला सलाम करायचा, जाताना टाटा करायचा. मला त्याचीही भीती वाटायची.

पूर्वी नमाजाच्या वेळीही शटर खाली यायचं. नासेरने ते थांबवलं, आता एकेकाने जाऊन यायचं. आणि एक दिवस हाफ डेही खलास. अ‍ॅपवर ऑर्डर येतात, दुकान बंद दिसून चालणार नाही, असं त्याने समजावून सांगितलं. वर हसत म्हणाला, "ज्याला मंगळवार पाहिजे, त्याने मला सांगावं. मी लगेच एक्झिट देतो. मग घरी रोज मंगळवार."

आम्हीही हसलो. माझा इकामा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता, म्हणून मी सगळ्यांत मोठ्याने.

*

चाचांना मात्र खरंच एक्झिट, म्हणजे कायमचं घरी जायचा कागद, हवा होता. त्यांनी नासेरकडे स्वतःच मागितला होता. कारण चाची विसरायला लागली होती. आधी चुलीवरचं दूध विसरली, मग शेजारणींची नावं. मंगळवारचं शटर ऐकलं की मात्र अजून तोच प्रश्न विचारायची. नासेर म्हणाला, "तुमच्या जागी माणूस येऊ द्या, मग पेपर करतो." नाही म्हणाला नाही, पण माणूस काही येईना. पेपर त्याच्या हातात, त्यामुळे चाचा त्याच्यापुढे मान वर करून बोलेनासे झाले. त्याला राग येईल असं काही व्हायला नको, एवढंच त्यांना पडलं होतं.

हाफ डे बंद झाल्यावरच्या पहिल्या मंगळवारी चाचांनी किल्लीच्या मशिनजवळ उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. सून रेहानाने फोन चाचीसमोर धरला. चाचीने बघितलं आणि पटकन ओढणी तोंडावर ओढली. "कोन मानूस हाय ह्यो? रेहाना, बंद कर."

चाचांनी फोन खाली ठेवला आणि किल्ली बनवायला घेतली. ती चुकीची कापली गेली. त्यांची किल्ली चुकलेली मी पहिल्यांदा बघितली आणि मला कॅमेऱ्यापेक्षाही जास्त भीती वाटली.

रात्रीचं शटर पडतं तेव्हा कोकणात मध्यरात्र उलटलेली असते, चाची औषध घेऊन झोपलेली. म्हणून चाचांनी तो आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून दुपारी ऐकवला. चाची म्हणाली, "टीव्ही बंद करा." पुढच्या मंगळवारी रमेशने गोडाऊनमधला पत्रा आणून दणादणा हलवला. चाचीने कान देऊन ऐकलं. ती म्हणाली, "कोनाचा तरी पत्रा उडाला वाटतं."

रमेश पोट धरून हसला आणि हसता हसता गोडाऊनमध्ये निघून गेला. बराच वेळ बाहेर आलाच नाही.

चाचा त्या दिवशी मला म्हणाले, "सावंता, घरी तर मी जायनच रे. पन दारात उभा ऱ्हायलो आन तिना तोंड झाकला तर मी कुठं जायचा?"

*

आता हा मंगळवार.

दुपारची वेळ, दुकानात दोन गिऱ्हाइकं. एकाला बिजागऱ्या हव्या होत्या, दुसरा नुसताच एसीत उभा होता. रेहानाचा फोन आला. चाची सकाळपासून रडत होती, घरात सगळे परके आहेत म्हणत होती. चाचांनी व्हिडिओ सुरू केला. चाचीने यांना बघितलं आणि लगेच ओढणी घेतली.

चाचांनी शटरकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे. शटर खाली ओढायची सळई भिंतीला टेकवलेली असते, तिच्यापर्यंत त्यांचा हात गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला.

मी काउंटरमागून कधी बाहेर आलो ते मला खरंच आठवत नाही. मी सळई उचलली, हूक अडकवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून शटर खाली ओढलं. सगळी गल्ली दणाणली. दुकानात अंधार झाला, बिजागरीवालं गिऱ्हाईक "क्या हुआ, क्या हुआ" करत माझ्या दंडाला चिकटलं. चाचांच्या हातातला मोबाईल तेवढा उजळलेला.

छतातून आवाज आला. "सावंत. शटर क्यों बंद?"

माझा इकामा, चाचांचे पेपर, सगळं त्या आवाजात होतं.

मोबाईलमध्ये चाचीने ओढणी हळूच बाजूला केली. "दुकान बंद झाला काय?"

चाचांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. "झाला," ते म्हणाले. "आता मोकला."

"शरीफ!" छतातून पुन्हा आवाज आला, या वेळी चढलेला. "शरीफ, जवाब दो!"

चाचीच्या कपाळाला आठी पडली. अगदी जुनी, नवीन लग्नातली असावी तशी. "आत कोन बोलतंय? गिऱ्हाईक आसंल तर आधी त्याला घालवा, मंग माझ्याशी बोला."

चाचांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं.

"कोन नाय गो," ते म्हणाले. "तू बोल."